राजा यायला चार दिवस, आणि तिजोरी रिकामी!

नमस्कार मंडळी! एडवर्डियन काळातली, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटनमधली रहस्यकथा म्हटलं की मोठा वाडा, उंची कपडे आणि दिवाणखान्यात जमलेले संशयित डोळ्यांसमोर येतात. आजची गोष्ट अगदी तशीच आहे, पण खरी घडलेली. यात राजा आहे, हिरे आहेत आणि शेवटी खूनसुद्धा आहे.

साल १९०७, डब्लिन कॅसल, म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेचं केंद्र. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड १० जुलैला येणार म्हणून सगळी धावपळ चाललेली. ६ जुलैला तिजोरी उघडून बघतात तर हिऱ्यांचा तारा आणि पदक गायब! सेंट पॅट्रिक संघ, म्हणजे नाइट किताब मिळालेल्या मानकऱ्यांचा गट; त्याची ही रत्नजडित मानचिन्हं, आयरिश क्राउन ज्वेल्स. त्या काळची किंमत सुमारे ३१,००० पौंड.

आता जागा बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. दागिने सांभाळायचे सर आर्थर व्हिकर्स यांनी. खानदानी घराण्यांच्या वंशावळी आणि मानचिन्हं बघणारे हे मोठे अधिकारी. त्यांच्या कार्यालयात खास मजबूत खोली बांधली, पण तिजोरी तिच्या दारातून आत जाईना! मग ती ठेवली वाचनालयात, जिथे पाहुणे येऊन बसायचे. पोलिसांचं मुख्यालय हाकेच्या अंतरावर. तिजोरीच्या किल्ल्या दोनच आणि दोन्ही व्हिकर्सांच्या ताब्यात.

कुलूप फोडलेलं नव्हतं. चोरानं पदकाची निळी रेशमी फीत सोडवून मागेच ठेवली होती. विचार करा, पकडले जायच्या भीतीनं घाईत असलेला माणूस फीत सोडवत बसेल? हा माणूस निवांत होता. त्याच्याकडे किल्ली होती आणि कोणी हटकणार नाही याची खात्रीही होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा तीच फीत.

बरं, इशारा आधीच मिळाला होता. ३ जुलैला सकाळी साफसफाईला आलेल्या बाईंना बाहेरचं दार उघडं दिसलं. ६ तारखेला तर मजबूत खोलीचं दारसुद्धा. व्हिकर्सांनी दोन्ही वेळा मनावर घेतलं नाही. मोलकरणीचं बोलणं जरा कान देऊन ऐकलं असतं तर!

राजा भयंकर संतापला. स्कॉटलंड यार्डचे, म्हणजे लंडन पोलिसांचे इन्स्पेक्टर केन आले, पण त्यांचा अहवाल कधीच बाहेर आला नाही. १९०८ मध्ये चौकशी आयोगानं ठपका ठेवला व्हिकर्सांच्या हलगर्जीपणावर, आणि त्यांची नोकरी गेली. संशयाची सुई फिरत होती त्यांच्याच कार्यालयातल्या फ्रान्सिस शॅकलटनवर. हा अंटार्क्टिकाच्या मोहिमांमुळे गाजलेल्या अर्नेस्ट शॅकलटनचा भाऊ. आयोगानं त्याला निर्दोष ठरवलं. पुढे १९१३ मध्ये फसवणुकीच्या वेगळ्याच खटल्यात तो तुरुंगात गेला.

आणि खून? १४ एप्रिल १९२१ ला, आयरिश स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, केरी परगण्यातल्या घरी बंदूकधाऱ्यांनी व्हिकर्सांना गोळ्या घातल्या आणि घर पेटवून दिलं. त्यांचं मृत्युपत्र वाचलं तेव्हा त्यात चोराचं नाव सरळ लिहिलेलं निघालं: फ्रान्सिस शॅकलटन. वर त्याची ओळख काय दिली, तर दक्षिण ध्रुवाला न पोचलेल्या संशोधकाचा भाऊ! मृत्युपत्रातला तो भाग कित्येक दशकं दाबून ठेवला होता.

दागिने आजपर्यंत सापडलेले नाहीत. माझा संशय किल्ल्यांपर्यंत पोचणाऱ्या आतल्याच माणसावर आहे. तुमचा कोणावर? कमेंटमध्ये नाव लिहा, आणि कारणही लिहा.