लाल, पिवळा, निळा

[दृश्य: जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या, मग मोठं नकाशा-टेबल]
लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिज. ७६ पायऱ्या उतरलं की ब्रिटिश हवाई दलाच्या ११ क्रमांकाच्या ग्रुपची ही खोली लागते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मनांविरुद्धची आग्नेय इंग्लंडवरची हवाई लढाई इथून चालवली गेली.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, जवळून]
या घड्याळाकडे नीट पाहा. दर पाच मिनिटांचा पट्टा वेगळ्या रंगाचा: लाल, पिवळा, निळा. मिनिटकाटा ज्या रंगावर, त्याच रंगाचा, विमानांची जागा दाखवणारा बाण हवाई दलाच्या महिला शाखेतल्या तरुणी लांब दांडीने नकाशावर सरकवत. वरच्या सज्जातल्या नियंत्रकाला खबर ताजी की शिळी हे रंगावरूनच कळे. ताशी ३०० किलोमीटर वेगाचं विमान पाच मिनिटांत २५ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. शिळ्या बाणामागे धाडलेली स्क्वाड्रन रिकाम्या आभाळात पोहोचते.

[दृश्य: रडारचा पोलादी मनोरा, खालून वर]
विजयाचं श्रेय बहुधा या ११० मीटर उंच मनोऱ्यांना दिलं जातं. ते अपुरं आहे. किनाऱ्यावरच्या केंद्रांची ही साखळी, चेन होम रडार, अंतर चांगलं सांगे, दिशा मात्र ढोबळ. एकाच हल्ल्याच्या दोन केंद्रांकडून दोन जागा येत. मग बेंटली प्रायरी या लढाऊ विमानांच्या मुख्यालयात, खबरा गाळणाऱ्या फिल्टर रूममध्ये, दोन्ही अंतरांचे कंस काढून ते छेदतात तो बिंदू धरत, आपली विमानं वेगळी काढत, आणि मगच हल्ल्याला क्रमांक देऊन ग्रुपला कळवत. रडारची नजर समुद्रावर. विमान किनाऱ्याच्या आत आलं की ऑब्झर्व्हर कोअरची माणसं डोळ्यांनी आणि कानांनी माग काढून टेलिफोनवर सांगत.

६ सप्टेंबर १९३९ ला ही ओळख चुकली. स्वतःचीच विमानं शत्रूची म्हणून नोंदली गेली, आणि ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक वैमानिक मारला गेला.

[दृश्य: भिंतीवरचा दिव्यांचा फलक]
कोणती स्क्वाड्रन सज्ज, कोणती उडाली, कोणाला शत्रू दिसला, ते हे दिवे दाखवत. त्यामुळे विमानांना आभाळात घिरट्या घालत वाट पाहावी लागली नाही. ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे प्रमुख डाउडिंग यांनी उभारलेल्या या व्यवस्थेचं खरं बळ हेच होतं: मोजकी विमानं, पण योग्य वेळी उडालेली.

[दृश्य: बॉम्बफेकीचं जुनं चित्रण]
१२ ऑगस्ट १९४० ला जर्मनांनी मनोऱ्यांवर बॉम्ब टाकले. व्हेंटनॉरचं रडार केंद्र बंद पडलं, पण डोव्हर, राय, पेव्हेन्सी काही तासांत पुन्हा सुरू झाली. तीनच दिवसांनी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने अशा हल्ल्यांच्या उपयोगावर शंका घेतली, आणि ते जवळपास थांबले. १७ सप्टेंबरला हिटलरने इंग्लंडवरची स्वारी बेमुदत पुढे ढकलली.