शाळा कोणाच्या हाती द्यायची?

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी शाळा नीट चालत नसेल, तर ती चालवायला बाहेरची संस्था नेमावी, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. अशा वेळी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा अनुभव जाणून घेण्यासारखा आहे.

डिसेंबर २००१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने या शहराची शाळाव्यवस्था ताब्यात घेऊन ती पाच सदस्यांच्या आयोगाकडे दिली, आणि आयोगाने पुढच्याच वर्षी निकालात मागे पडलेल्या ४५ शाळा सात संस्थांकडे सोपवल्या. त्यांत दोन विद्यापीठे होती, तशा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही होत्या. सर्वांत मोठा वाटा, म्हणजे २० शाळा, एडिसन स्कूल्स या कंपनीला मिळाला. आता गंमत पाहा: शहराच्या शाळांची पाहणी करण्याचे २७ लाख डॉलरचे काम राज्याने २००१ मध्ये याच कंपनीला दिले होते. दुखणे काय हे सांगणाराच पुढे इलाजाचा ठेकेदार झाला, तर पालकांनी विश्वास कशावर ठेवायचा? त्यातच २००२ मध्ये या कंपनीचा शेअर एका डॉलरच्याही खाली घसरला.

या संस्थांना दर विद्यार्थ्यामागे जादा निधी मिळाला, मात्र अधिकार अपुरेच मिळाले. शिक्षक शहराच्या शिक्षण खात्याचेच कर्मचारी राहिले आणि इमारतीही खात्याकडेच राहिल्या. निकाल सुधारले नाहीत, तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे धूसरच राहिले.

एक गोष्ट मात्र आयोगाच्या हातून चांगली झाली. आणखी २१ शाळांना तसाच जादा निधी देऊन खात्याच्याच एका खास कार्यालयाकडे ठेवण्यात आले, त्यामुळे तुलना शक्य झाली. रँड या संशोधन संस्थेच्या २००७ मधील अहवालानुसार, बाहेरच्या संस्थांच्या शाळांची प्रगती शहरातील इतर शाळांहून लक्षणीय वेगळी नव्हती, तर खात्याने स्वतः सुधारलेल्या शाळांत गणिताचे निकाल स्पष्टपणे उंचावले होते. हार्वर्डच्या संशोधकांनी मात्र नफ्याच्या संस्थांना गणितात यश मिळाल्याचे मांडले, त्यामुळे हा वाद पूर्ण मिटला असे म्हणता येत नाही. तरीही माझ्या मते, संस्था निवडण्याआधी तिच्या जोडीला खात्याच्या काही शाळांना तेवढाच पैसा देण्याची अट घालायला हवी. अन्यथा सुधारणा पैशामुळे झाली की व्यवस्थापनामुळे, हे कधीच कळणार नाही.

२००८ मध्ये आयोगाने बाहेरच्या संस्थांकडे सोपवलेल्या शाळांपैकी सहा शाळा परत घेतल्या.