पाळी बदलताना

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं मशीन शॉपला सुपरवायझर होतो. तिथल्या दोघांचं भांडण आज सांगतो. रात्रपाळीला नाना, सकाळच्या पाळीला सिडकोतला एक तरुण ऑपरेटर, आणि दोघांत एकच सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन. सकाळचे पहिले चार-पाच जॉब, म्हणजे मशीनवर कापलेले भाग, हमखास रिजेक्ट व्हायचे. पोरगा म्हणायचा, "नाना मशीन बिघडवून जातात." नाना म्हणायचे, "माझे सगळे जॉब ओके आहेत, मोजून घ्या." शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावून समज दिली. दोघांनी माना डोलावल्या आणि अबोला आणखी वाढला. चूक माझी होती. मी त्यांचे स्वभाव दुरुस्त करायला निघालो होतो, मशीनकडे बघितलंच नव्हतं.

मग एका पहाटे मशीनपाशीच जाऊन उभा राहिलो. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलता येणारं टोक, घासत गेला की जॉबचा बाहेरचा व्यास वाढतो, म्हणून नाना ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली त्या टोकाच्या जागेची दुरुस्ती, थोडा थोडा आत घ्यायचे. माप बरोबर यायचं. सकाळी पोरगा आल्या आल्या नवा इन्सर्ट लावायचा, पण ऑफसेट रात्रीचाच. जॉब कमी मापाचा निघायचा, आणि एकदा कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. म्हणजे दोघंही खरंच बोलत होते! मग नाना त्याला सांगून का जात नव्हते? दिंडोरीकडची कंपनीची बस सातच्या ठोक्याला सुटायची. पोरगा मशीनवर येईपर्यंत नाना गेटवर पोहोचलेले असायचे.

अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली हेच सांगितलं होतं. वाचनालयात एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावरचा वारा टळला. कोणाला काय हवं यापेक्षा ते का हवं, हे आधी विचारायचं. तेही दोघांना वेगवेगळं, आणि मगच समोरासमोर. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. चाळीस जण बघत असताना माघार कोण घेईल?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. एखाद्या बाईला कामावर लैंगिक त्रास होत असेल, तर ते भांडण नव्हे. तिथे समेट घडवायला सुपरवायझरनं जाऊच नये. १० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असावीच लागते. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत त्या समितीकडे लेखी तक्रार करता येते.

आमच्याकडे काय झालं, ते राहिलंच. साहेबांकडे खेटे घालून मी बस दहा मिनिटं उशिरा करून घेतली आणि लेथला दोरीनं एक वही टांगली. पहिल्या पानावर नानांचं तिरपं अक्षर होतं: "इन्सर्ट घासलाय. ऑफसेट ४० मायक्रॉन आत घेतलाय. इन्सर्ट बदललास तर शून्य कर." त्याखाली पोरानं लिहिलं होतं, "केला, नाना. पहिले पाच ओके."