लिफ्ट बसते तेव्हा : मुरबाडच्या अंगणातली एक दुरुस्ती

[दृश्य : अंगण. लाल ट्रॅक्टर, मागे कल्टिव्हेटर पूर्ण वर उचललेला. इंजिन बंद होतं.]

फाळांकडे लक्ष ठेवा. इंजिन बंद झालंय, लिव्हर वरच आहे, कोणी कशाला हात लावलेला नाही. तरी फाळ खाली येतायत. आधी बोटभर, मग वीतभर, आणि घरातून चहा बाहेर येईपर्यंत ते मातीला टेकलेसुद्धा.

हे ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं गाव, टोकावड्याच्या अलीकडे. इथं भाताची खाचरं उतरंडीला आहेत. चिखलणी करताना एका खाचरातून दुसऱ्यात जायचं तर बांधावर अवजार उचलून धरावं लागतं. ते तिथंच बसलं की बांध फुटतो, आणि वरच्या खाचरातलं पाणी खालच्याच्या अंगावर जातं.

ट्रॅक्टरचे मालक, काका. त्यांना गावोगाव एकच सल्ला मिळाला होता : लिफ्टचा, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचा, अख्खा संच बदला, नाहीतर ट्रॅक्टर भंगारात घाला. काकांनी दोन्ही ऐकलं नाही. राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजून झाले होते, पावसाला वेळ होता. पुतण्याला हाताशी घेऊन त्यांनी घरीच ट्रॅक्टर उघडायचं ठरवलं.

[दृश्य : ट्रॅक्टरचा मागचा भाग, जवळून. खालचे दोन दांडे, वरचा एक.]

हे तीन सांधे नीट बघून घ्या. जगातल्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे आज हीच मांडणी दिसते, आणि ती ज्याच्या डोक्यातून रूढ झाली तो माणूस आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा होता. हॅरी फर्ग्युसन, जन्म 1884. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने नुसता ओढला जायचा. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड उचललं जायचं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. माणसं मरायची. फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरचाच अवयव करून टाकलं : खाली दोन दांडे ओढणारे, वर एक रेटा देणारा. अडथळा आला की तोच रेटा पुढची चाकं जमिनीवर दाबून धरतो. त्यात त्याने तेलाच्या दाबाची जोड दिली. जमीन कडक लागली, ओढ वाढली, की यंत्रणा आपणहून अवजार थोडं उचलते. मऊ लागली की सोडते. या कल्पनेचं पेटंट 1926 चं. पुढे 1946 ते 1956 या दहा वर्षांत त्याचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर पाच लाखांहून जास्त संख्येने तयार झाला. आपल्याकडे 1960 नंतर मद्रासेत त्याच घराण्याचे ट्रॅक्टर बनू लागले. अंगणातला हा लाल ट्रॅक्टर त्याच वंशातला.

म्हणून तो उघडता येतो. ज्यांनी तो आखला त्यांनी तो पान्ह्याने उघडेल असाच आखला. यात संगणक नाही, कंपनीच्या कुलपाचा सांकेतिक आकडा नाही. बोल्ट आहेत, पॅकिंग आहे, रिंगा आहेत.

[दृश्य : ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाची चौकोनी झाकणी उघडलेली. आत बॅटरीचा उजेड.]

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट, दोघांचं तेल इथं एकच. पंपही त्याच तेलात बुडालेला असतो. तेल थोडं उतरवलं, ही झाकणी काढली, की आत डोकावता येतं. अवजार उचललेलं आहे, त्याचा भार पिस्टनवर आहे. आता जिथून तेल ठिबकतंय, तिथं रोग.

पुतण्या बॅटरी फिरवतोय. "काका, हितून येतंय बघा."

सिलिंडरच्या तोंडातून, पिस्टनच्या कडेने, तेलाची बारीक धार. खालून पंपाकडून जो उभा पाइप येतो, त्याच्या बुडाशीही ओल आहे, पण धार नाही. यावेळी हात आत घालायचा नसतो. भाराखाली आतल्या पट्ट्या हलतात, आणि दाबाचं तेल बारीक भोकातून कातडीत घुसू शकतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तासाभरातसुद्धा शस्त्रक्रियेपर्यंत नेते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने.

लिफ्टचा हिशेब साधा आहे. तेल फक्त वर ढकलतं, खाली येणं अवजाराच्या वजनाने. समजा पिस्टन 3 इंच व्यासाचा आहे. त्याचं तोंड झालं सुमारे 7 चौरस इंच. दर चौरस इंचाला 2000 पौंड दाब धरला तर पिस्टनच्या पाठीवर 14,000 पौंडांचा, म्हणजे सहा टनांच्या वरचा रेटा येतो. एवढ्या दाबाला केसाएवढी फट पुष्कळ झाली.

[दृश्य : लोखंडी पाइपांची तिकटी, चेनब्लॉक. टॉप कव्हर हळूहळू वर येतं. निवेदन थांबतं. फक्त साखळीचा आवाज, मग काकूंचा आणि काकांचा चेहरा.]

अवजार आधी जमिनीवर टेकवलेलं आहे, हे लक्षात ठेवा. भार असताना एकही बोल्ट सैल करायचा नाही. कव्हर एका माणसाच्या उचलीचं नाही, त्यालाच सिलिंडर आणि आडवा शाफ्ट लटकलेला असतो.

तळाशी उरलेलं तेल दुधाळ निघालं. चिखलणीचं पाणी सीलमधून आत शिरतं, तेलात घुसळलं जातं, आणि मग झीज सुरू होते. भाताच्या मुलखातल्या ट्रॅक्टरचा हा नेहमीचा आजार आहे.

आणि हा तो पिस्टन. डिझेलने धुतलाय. काकांनी नख सिलिंडरच्या आत फिरवलं. एका जागी ते अडकलं. पिस्टन जिथवर येऊन थांबतो तिथं कडा पडलीय. रबरी ओ-रिंग बाहेर काढली तर एका बाजूने सपाट, हाताला कडक, वाळलेल्या आमसुलासारखी. लोखंडी रिंग पिस्टनवरून उतरवून एकटीच सिलिंडरमध्ये सरकवली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पाती घातली. जाड पाती सहज गेली. नव्या रिंगेत ती जात नाही.

सिलिंडरवरचे बारीक ओरखडे होनिंगने गेले. ड्रिलला लावलेले दगड, भरपूर तेल, आणि हात सतत वरखाली, म्हणजे जाळीदार रेघा पडतात आणि तेल त्यांत टिकून राहतं. ओरखडा खोल असता तर नवा लायनरच, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तरच, बसवावा लागला असता.

[दृश्य : ठाणे, वागळे इस्टेट. लेथ. पितळी किस उडतोय.]

आडव्या शाफ्टचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो ती धातूची नळकांडी, मात्र घरी होणारे नव्हते. ते घेऊन काका ठाण्याला आले. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. इथल्या गल्ल्यांमधून अजूनही असे गाळे आहेत जिथं एक लेथ, एक टर्नर आणि भिंतीला टांगलेले मापकाटे असतात. टर्नरने शाफ्ट मायक्रोमीटरमध्ये धरला, दोन्ही टोकं मोजली. "एका अंगाला सहा थाऊ खाल्लाय." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. शाफ्ट आधी घासून सरळ केला, मग त्याच्या नव्या मापाला गनमेटलचा बुश कातला. पाती किती आत घ्यायची ते त्याला आवाजावरून कळत होतं. कॅमेरा सुरू असताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. हे कसब कुठल्याही सुट्या भागांच्या यादीत सापडत नाही, आणि हे गाळे बंद पडले तर खेड्यातल्या जुन्या यंत्रांना वाली उरणार नाही.

[दृश्य : परत अंगण. बसवणी.]

नवी ओ-रिंग आणि तिच्या पाठीशी टेफ्लॉनची पट्टी. पट्टी दाबाच्या विरुद्ध बाजूला असते, म्हणजे रबर दाबाखाली फटीत ढकललं जात नाही. उलटी बसली तर सगळी मेहनत वाया, म्हणून काकांनी पुतण्याला ती दोनदा काढून परत घालायला लावली. रबराला पेट्रोल लागू द्यायचं नाही, ते फुगतं. स्वच्छ तेलाचा हात द्यायचा, आणि धारदार कडेवरून सरकवताना मध्ये पातळ कागद धरायचा. उभ्या पाइपाच्या दोन्ही टोकांच्या रिंगाही बदलल्या. चाळण धुतली, नवं पॅकिंग घातलं, कव्हर टेकवलं आणि बोल्ट आमनेसामने थोडेथोडे आवळत आणले.

[दृश्य : लिफ्ट वर. इंजिन बंद. काकांनी दांड्यावर खडूने रेघ मारलेली.]

दुसऱ्या दिवशी सकाळी अवजार त्या रेघेवर होतं.

चिखलणी वेळेत झाली, बांध शाबूत राहिले, आणि नव्या संचाचे पैसे वाचले. काढलेलं तेल डब्यात भरून ठेवलं, ओढ्यात नाही सोडलं.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. सुरुवातीला चार क्षेत्रं धरली : शेतीची यंत्रं, मोबाइल आणि टॅबलेट, घरातली टिकाऊ उपकरणं, आणि वाहनं. शेतीची यंत्रं त्या यादीत आहेत, हे योग्यच झालं. आता सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, तालुक्याच्या दुकानात, मागितल्यावर मिळायला हवी. काकांकडे पुस्तिका होती ती इंग्रजी, कोणाच्या तरी प्रतीवरून झेरॉक्स केलेली, आणि पिस्टनच्या आकृतीचं पानच फाटलेलं.

[दृश्य : काका हत्यारं पुसून पेटीत ठेवतायत.]

पंप या खेपेला उघडलेला नाही. अवजार झटक्यात उचललं जातं, म्हणजे पंप अजून जोर धरून आहे. तो बाहेर काढायचा तर पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणारा, शाफ्ट मागे ओढावा लागतो, कव्हर पुन्हा उतरवावं लागतं. भातझोडणी उरकली की दाबाचं घड्याळ लावून तो तपासायचा, असं ठरलंय. पुतण्याने घड्याळासाठी लागणाऱ्या जोडणीचं माप वहीत उतरवून घेतलंय. ती जोडणीही वागळे इस्टेटातूनच कातून आणायची आहे.