ग्रेस जोन्स: नुसतं उभं तर राहायचंय!

नमस्कार मंडळी, कसे आहात? कोणी स्वयंपाक करत ऐकत असाल, कोणी वेस्टर्न एक्सप्रेसवर अडकला असाल, तर काय, तुमच्याकडे वेळच वेळ आहे. आज एका मॉडेलबद्दल बोलायचंय. आपल्याकडे मॉडेल म्हटलं की लोकांचं ठरलेलं, नुसतं उभं तर राहायचंय, त्यात काय एवढं. मग तीच पिक्चरमध्ये आली की हिला कुठे ॲक्टिंग येते, आणि गायला लागली की झालंच. अंधेरीत ऑडिशनला रांग लावलेल्या कुठल्याही पोरीला विचारा, हे टोमणे तिला पाठ असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की उभं राहता येणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि त्या एका भांडवलावर ग्रेस जोन्सने गाणं, सिनेमा, आर्ट सगळीकडे राज्य केलं.

ही बाई जमैकाची. १९४८ चा जन्म, स्पॅनिश टाउनचा. घर कडक धार्मिक, चर्च, बायबल, आणि जरा चुकलं की मार. मग अमेरिका, थोडं नाटकाचं शिक्षण, न्यूयॉर्कमध्ये मॉडेलिंग, आणि १९७० मध्ये थेट पॅरिस. तिथे इव्ह सेंट लॉरेंट, केन्झो अशा बड्या फॅशन डिझायनर्सचं काम, व्होग मासिकाची कव्हर्स. राहायला फ्लॅट शेअर केला मॉडेल जेरी हॉल आणि पुढे हॉलिवूडची नटी झालेल्या जेसिका लँगबरोबर, म्हणजे आपल्या ओशिवऱ्यात स्ट्रगलर पोरी टू बीएचकेमध्ये राहतात ना तसंच, फक्त त्यातली जेसिका पुढे दोन ऑस्कर घेऊन गेली.

गाण्यात आली ती डिस्कोच्या लाटेवर, पहिला अल्बम १९७७ चा. ते दिवस खरं सांगू तर मला फार भारी वाटत नाहीत. खरी मजा पुढची आहे, डिस्को ओसरला, आणि आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलने तिला बहामात नासाऊच्या स्टुडिओत नेलं आणि मागे वाजवायला बसवले जमैकाचेच स्लाय आणि रॉबी, एक ड्रम्सवर एक बेसवर, आणि तिथे काहीतरी वेगळंच झालं. तिचा आवाज ताना-हरकतींचा नाहीच आहे हो, खालच्या पट्टीतला, अर्धा गाते अर्धा बोलते. पण ती घाई करत नाही. बेस चालतोय, ड्रम चालतोय आणि ही मधोमध ठाम. फोटोग्राफरसमोर जे करायची तेच आता माईकसमोर.

आणि त्या अल्बमची कव्हर्स! १९८१ च्या नाइटक्लबिंगवर अर्मानीचं जॅकेट, वरून सपाट कापलेले केस, ओठात सिगारेट, बस. फ्रेंच आर्टिस्ट जाँ पॉल गूडचं काम, तो तिचा पार्टनरही होता. आयलंड लाइफ अल्बमवर ती एका पायावर तोल सांभाळून उभी दिसते ना, घरी ट्राय करू नका, कंबर जाईल, कारण तशी पोज माणसाला जमतच नाही. वेगवेगळे फोटो काढून, कापून, चिकटवून केलेली आहे ती, फोटोशॉप यायच्या कितीतरी आधी. पण गूडबद्दल एक बोललंच पाहिजे, त्याने तिला पिंजऱ्यात वगैरे दाखवलं, काळ्या बाईला जनावर करून दाखवलं, यावर खूप टीका झाली आणि ती मला पटते. तरी प्रत्येक फोटोत ती ज्या नजरेने बघते ती नजर गूडची नाही, तिचीच आहे. १९८४ मध्ये तर न्यूयॉर्कचा चित्रकार कीथ हेरिंगने तिच्या अख्ख्या अंगावर पांढऱ्या रंगाने चित्रं काढली, फोटो काढले फोटोग्राफर रॉबर्ट मॅपलथॉर्पने. कॅनव्हासच ती.

सिनेमात १९८४ ला अरनॉल्ड श्वार्झनेगरबरोबर 'कोनन द डिस्ट्रॉयर', १९८५ ला बाँडपट 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये मे डे नावाचं पात्र. डायलॉग जेमतेम, पण ती फ्रेममध्ये आली की बाँड झालेला बिचारा रॉजर मूर दिसेनासा होतो.

आता आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा घ्या. तीही १९४८ चीच! १९६५ ची मिस इंडिया, रेक्सोनाच्या जाहिरातीतली, आणि १९७९ च्या स्टार ट्रेकसाठी तिने चक्क टक्कल केलं. मॉडेलचे केस म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न, आणि ही भादरून मोकळी. पुढच्याच वर्षी ऑस्करच्या स्टेजवर अवॉर्ड द्यायला गेली. हॉलिवूडला तिचं पुढे काय करायचं ते कळलं नाही, हे मात्र वाईट झालं. गूडसारखा नको, पण निदान स्लाय-रॉबीसारखं कोणीतरी तिला भेटायला हवं होतं.

ग्रेसबाई मात्र थांबल्या नाहीत. २०१२ मध्ये लंडनला राणी एलिझाबेथच्या डायमंड ज्युबिलीत, वय वर्षं ६४, अख्खं गाणं कमरेत हुला हूप फिरवत गायल्या. यूट्यूबवर बघा नक्की.

चला, नाइटक्लबिंगमधलं पुल अप टू द बम्पर लावतेय. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, नाहीतर बेस कळणारच नाही.