वेटलिस्टवर २३ जण आणि कोर्सवर ४ होल रिकामी! डिस्क गोल्फ टूर्नामेंटच्या जागा वाटतात तरी कशा?

नमस्कार मंडळी. आज जरा तापलोय म्हणून व्हिडिओ मोठा होईल, चहा घेऊन बसा.

झालं असं, की मागच्या सीझनला इथे अमेरिकेत शार्लटजवळच्या एका टूर्नामेंटला मी एमए-३ मध्ये, म्हणजे हौशी खेळाडूंच्या एका खालच्या गटात, नाव टाकायला गेलो. रजिस्ट्रेशन संध्याकाळी ७ ला उघडणार होतं, मी ७ वाजून ६ मिनिटांनी लॉगिन केलं कारण कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि तेवढ्यात डिव्हिजन फुल्ल. वेटलिस्ट नंबर ९. दोन दिवसांत त्या वेटलिस्टवर २३ जण झाले. बरं म्हटलं, आपली चूक, शिट्टी महागात पडली. पण टूर्नामेंटच्या दिवशी व्हॉलंटियर म्हणून गेलो आणि बघतो तर काय, १८ पैकी ४ होलवर कोणीच उभं नाही! २३ जण घरी बसलेत आणि इथे बास्केट वाऱ्यावर साखळ्या वाजवतायत.

तर हे होतं कसं, ते आज बघू.

जे पहिल्यांदा आलेत त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त बॉलऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट, कमीत कमी थ्रोमध्ये पोचायचं. अमेरिकेत याची संघटना पीडीजीए, १९७६ पासूनची. तिच्या नियमात खेळाडू डिव्हिजनमध्ये वाटलेले असतात. एमपीओ म्हणजे ओपन प्रो, एफपीओ म्हणजे महिला प्रो, ४० च्या वरचे प्रो वेगळे. अ‍ॅमेच्युअरमध्ये एमए-१ ला रेटिंगची, म्हणजे खेळावरून मिळणाऱ्या आकड्याची, अट नाही, एमए-२ ला रेटिंग ९३५ च्या खाली लागतं, एमए-३ ला ९०० च्या खाली, एमए-४ ला ८५० च्या खाली. वरच्या डिव्हिजनमध्ये जाऊन मार खायचा असेल तर जा, कोणी अडवत नाही, पण रेटिंग जास्त असताना खाली उतरून गल्लीतल्या पोरांना हरवायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे बघा. (कागद दाखवतो) १८ चौकोन काढलेत, १८ होल. आणि हे किचनमधून आणलेलं कडधान्य. हरभरे म्हणजे एमपीओ, राजमा म्हणजे एमए-१, मटकी म्हणजे आपण एमए-३ वाले, संख्येने जास्त आणि किंमत कमी. पांढरे वाटाणे महिला. बाकीच्यांना मूग, मसूर, चवळी.

बहुतेक छोट्या टूर्नामेंटमध्ये शॉटगन स्टार्ट असतो, म्हणजे प्रत्येक होलवर एक ग्रुप उभा आणि सगळे एकदम सुरू. या ग्रुपला कार्ड म्हणतात. एका कार्डात ४ जण धरले तर १८ गुणिले ४, ७२ जागा. ५ धरले तर ९० होतात, पण मग प्रत्येक टीवर, म्हणजे पहिला थ्रो करायच्या जागेवर, थांबा, थांबा, थांबा, आणि दिवसाला दोन राउंड असतील तर दुसरा राउंड अंधारात. म्हणून टूर्नामेंट डायरेक्टर, आपण टीडी म्हणू, तो शक्यतो ७२ वरच थांबतो.

त्या टीडीने वाटप केलं होतं असं: एमपीओ १६, प्रो ४०-वाले ८, एफपीओ ४, एमए-१ ला १६, एमए-४० म्हणजे ४० च्या वरच्या हौशींना ८, एमए-२ ला ८, एमए-३ ला ८, महिला अ‍ॅमेच्युअर ४. बेरीज ७२. दिसायला एकदम व्यवस्थित, सगळे आकडे चारच्या पाढ्यातले. माणसाने मेहनत घेतली होती हो, मी त्याला नावं ठेवत नाहीये.

आता प्रत्यक्षात आले किती ते ठेवतो. एमपीओ १३. हे तेरा कसे बसवणार? चार-चारची तीन कार्डं केली तर एक उरतो, आणि नियम सांगतो की कार्डात कमीत कमी ३ पाहिजेत, कारण एकटा किंवा दोघंच खेळले तर स्कोअर खरा की खोटा कोण बघणार. मग ४, ३, ३, ३. तेरा माणसांनी चार होल खाल्ली, तिथे सोळा बसले असते. प्रो ४०-वाले ५ आले. पाचाचे तीन आणि दोन करता येत नाहीत, मग पाचही एकाच कार्डात. एफपीओ १, महिला अ‍ॅमेच्युअर २, तिघींचं मिळून एक कार्ड. एमए-१ मध्ये ११, तीन कार्डं. एमए-४० मध्ये ३, एक कार्ड. एमए-२ मध्ये ८ आणि एमए-३ मध्ये ८, दोन-दोन कार्डं.

मोजा. ५१ माणसं, १४ कार्डं. (रिकामे चार चौकोन दाखवतो) आणि हे चार. इथे सोळा मटक्या आरामात बसल्या असत्या, आणि त्यातली नववी मटकी मी होतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की टीडी लोकं जागा माणसांत मोजतात तिथेच घोळ होतो, जागा कार्डात मोजायला पाहिजेत. ७२ जागा नाहीत, १८ कार्डं आहेत, बस.

आता गावाकडचं उदाहरण देतो म्हणजे पटकन कळेल. गणपतीला कोकणात जायचं तिकीट काढलंय ना? एकाच गाडीत एकाची जनरल वेटिंग ४० असते आणि ती कन्फर्म होते, दुसऱ्याची पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्याची वेटिंग, ५ असते आणि तो बिचारा आदल्या रात्रीपर्यंत फोन रिफ्रेश करत बसतो. गाडी तीच, पण रांगा वेगळ्या आणि प्रत्येक रांग आपापल्या कोट्याकडे बघते. डिस्क गोल्फची वेटलिस्ट डेफिनेटली तशीच आहे, डिव्हिजनप्रमाणे वेगळी. एमए-४० च्या ५ जागा रिकाम्या असल्या तरी एमए-३ ची रांग हलत नाही, जोवर टीडी स्वतः हात घालून हलवत नाही. रेल्वे निदान चार्ट लागताना कोट्यातल्या उरलेल्या जागा इतरांना सोडते. इथे चार्ट लावणारा माणूस दिवसा नोकरी करतो, रात्री स्पॉन्सरला ईमेल करतो आणि शनिवारी कोर्सवर झाडाच्या फांद्या तोडतो, त्याच्या डोक्यातून सुटून जातं.

मग तुम्ही म्हणाल कॅप, म्हणजे प्रत्येक डिव्हिजनची जागांची मर्यादा, काढूनच टाका, पहिला येईल त्याला जागा. नको! तसं केलं तर ७२ पैकी निम्म्यावर जागा आमच्यासारखे ९०० च्या खालचे पहिल्या दहा मिनिटांत खाऊन टाकतील, २०२० नंतर हा खेळ असा वाढलाय की नवीन माणूस म्हणजे एमए-३ नाहीतर एमए-४. आणि महिलांचं काय होतं सांगतो. एखादी खेळाडू यादी उघडते, एफपीओमध्ये कोणीच नाही दिसत, म्हणते एकटी कशाला जाऊ, अजून दोघी आल्या तर बघू. दुसरी पण तेच म्हणते, तिसरी पण. तिघी एकमेकींना मेसेज करून ठरवेपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर गाडी फुल्ल. मग पुढच्या वर्षी टीडी म्हणतो महिला येतच नाहीत. अरे, येतील कुठून!

आणि इथेच खरी गंमत आहे. बहुतेक ठिकाणी कॅप कशावरून ठरतो? मागच्या वर्षी किती आले त्यावरून. मागच्या वर्षी एमए-३ मध्ये ८ आले होते, मग यंदा ८ ठेवा. पण ८ का आले? कारण जागाच ८ होत्या! तुम्ही भांड्याचं माप घेताय आणि म्हणताय पाऊस एवढाच पडला. बघायचं असेल तर वेटलिस्ट बघा, डिव्हिजन किती मिनिटांत भरली ते बघा.

त्यात अजून एक भानगड. एमए-३ भरली की आमच्यातले चार जण उडी मारून एमए-१ मध्ये जातात, तिथे जागा होती ना. त्या ११ मध्ये चौघांचं रेटिंग ९०० च्या खाली होतं, मी स्वतः यादी बघितली. म्हणजे एमए-१ ची मागणी खरी ७ ची होती. पुढच्या वर्षी टीडी ११ बघून परत १६ ठेवणार आणि सगळं परत तसंच.

प्रो लोकांचा एक आक्षेप असतो की अ‍ॅमेच्युअरना जागा देऊन स्पर्धेचा दर्जा जातो. बाबांनो, अ‍ॅमेच्युअरना बक्षीस कॅश मिळत नाही, डिस्क, बॅगा असा माल मिळतो आणि तो दुकानाच्या किमतीने मोजतात. टीडी आणतो होलसेलने. मधला फरक टूर्नामेंट चालवतो, आणि बऱ्याचदा तुमच्या पाकिटात पण जातो. मटकी उपाशी ठेवून हरभरा फुगत नाही.

इथून अर्ध्या तासावर रॉक हिलला यूएसडीजीसी, म्हणजे अमेरिकेची मोठी डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप, होते, तिथे क्वालिफाय करून जावं लागतं, तो विषय वेगळा. कॅन्ससमधल्या एम्पोरियासारख्या गावात एका टूर्नामेंटला बरेच कोर्स वापरतात, म्हणजे कार्डंच वाढवतात. आपल्या एका कोर्सवाल्या क्लबला ते जमणार नाही.

तर मी टीडीला काय लिहून पाठवलं ते सांगतो. १८ पैकी १२ कार्डं सुरुवातीला डिव्हिजनला द्या, मागच्या वेटलिस्टकडे बघून. २ कार्डं महिलांसाठी, ३ आठवडे आधीपर्यंत हात लावायचा नाही, आणि ती तारीख पहिल्याच दिवशी यादीवर लिहायची म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की आमच्या जागा काढल्या. उरलेली ४ कार्डं मोकळी ठेवा, जिथे चार जण आधी जमतील तिथे अख्खं कार्ड द्या. एकेक जागा वेळेच्या क्रमाने सोडली तर ऐकायला न्यायाचं वाटतं, पण एक एमए-२, दोन एमए-४, एक ४०-वाला असे आले की परत ३-३ ची कार्डं आणि एखादा एकटा. आणि हे ३ आठवडे आधीच करायचं, रेल्वेसारखं आदल्या रात्री नाही, लोकांना सुट्टी काढायची असते, पोरांना सांभाळायला कोणी शोधायचं असतं. त्यानंतर कोणी कॅन्सल केलं तर त्याच डिव्हिजनमधला पुढचा घ्या, म्हणजे कार्ड मोडत नाही.

त्याचं उत्तर आलं, एक ओळीचं, की चार कार्डं मोकळी ठेवली तर स्पॉन्सरला आकडा काय सांगू. प्रश्न बरोबर आहे त्याचा. मी म्हटलं ७२ च सांगा, या वेळी ते खरे असतील. त्याने अंगठा पाठवला, त्याचा अर्थ हो की नाही ते मंगळवारी ७ वाजता कळेल. कुकर मी ६ लाच लावणार आहे.

थांबा, आतून आवाज येतोय, राजमा कुठे गेला म्हणून. उचलतो हे सगळं.