पारिजातकाचे चित्र

श्रोतेहो, नमस्कार.

आश्विनातल्या पहाटे देवळाच्या प्राकारात पारिजातकाचा सडा पडतो, आणि परडीतले फूल घरी येईपर्यंत मलूल होते. इतक्या अल्पायुषी फुलाचे चित्र काढायचे कसे, या प्रश्नाची कहाणी आपल्या गोव्यापासून सांगता येते.

१५६३ मध्ये वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात पारिजातकाचे, ओर्तांच्या शब्दांत 'दुःखी झाडा'चे, इथले नाव आहे, सूर्यावर जीव जडलेल्या राजकन्येची कथाही आहे. वनस्पतीचे चित्र मात्र एकही नाही. कधी न पाहिलेले झाड नुसत्या वर्णनावरून ओळखणे किती कठीण, हे फूल रेखाटायला बसले की कळते.

पुढे कोचीचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड निघाले आणि त्यांत सातशेहून अधिक ताम्रपटचित्रे आली. ताज्या फांद्या समोर ठेवून चित्रकार रेखाटन करीत. मजकुरामागे इट्टी अच्युतन या वैद्यांचे ज्ञान होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी विद्वानांचेही. या तिघांचे १६७५ चे नागरी लिपीतील साक्षीपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ती नागरी अक्षरे पाहताना मला आजही भरून येते.

त्याच खंडात पारिजातक आहे. तांब्यावर कोरलेल्या रेघेला केशरी रंग दाखवता येत नाही. म्हणून सारा भार आकारावर येतो. समोरासमोरची टोकदार पाने, चौकोनी डहाळी, किंचित पिळलेल्या पाकळ्या, चपटे फळ. शिवाय पाकळ्या कधी पाच, कधी सात, तर कधी आठही असतात, तेव्हा हाती आलेले एकच फूल हुबेहूब उतरवून भागत नाही. अनेक फुले पाहून त्या जातीचे रूप ठरवावे लागते. ही निवड हेच या कलेतले खरे कौशल्य, असे मला वाटते. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यातही ओर्तांचे 'दुःखी झाड' लॅटिनमध्ये उतरलेले आहे.

उद्या पहाटे एक फूल उचला. ज्याला आपण देठ म्हणतो, ती खरे तर पाकळ्या जुळून झालेली नळी आहे. ती नखाने अलगद चिरली, की आत दोन पुंकेसर दिसतील. कागदावर सुरुवात तिथून करा.